दादासाहेब फाळके आणि त्यांचा संसार

थोर पुरुषांची चरित्रे आपण आवडीने वाचतो. त्यांत पराक्रम असतो, प्रवास असतात, मानसन्मान असतात. घरातल्या माणसांची नावे मात्र बहुधा एखाद्या ओळीत येतात आणि जातात. त्यामुळे मोठी कामे घराबाहेर होतात आणि घर म्हणजे त्या कामातली अडचण, अशी आपली नकळत समजूत होऊन बसते. आपल्या मंडळाच्या वर्धापनदिनाच्या या स्मरणिकेसाठी कोणाचे चरित्र लिहावे, असा विचार करताना मला म्हणूनच दादासाहेब फाळके यांची आठवण झाली. भारतीय चित्रपटाचे जनक म्हणून त्यांचे नाव लहान मुलांनाही ठाऊक आहे. परंतु हा चित्रपट जन्मला तो एका कुटुंबवत्सल गृहस्थाच्या स्वयंपाकघराशेजारी, आणि त्याच्या बाळंतपणात घरातली सारी माणसे राबत होती, ही गोष्ट तितकीशी सांगितली जात नाही. ती भगिनींनी वाचावी असे वाटते.

धुंडिराज गोविंद फाळके यांचा जन्म ३० एप्रिल १८७० रोजी नाशिकजवळच्या त्र्यंबकेश्वर या क्षेत्री झाला. वडील गोविंद सदाशिव ऊर्फ दाजीशास्त्री हे संस्कृतचे विद्वान. मुलानेही शास्त्री व्हावे, पोथी सांगावी, अशीच त्या घराची रीत. परंतु या मुलाचे मन चित्रे काढणे, मातीच्या मूर्ती घडविणे, नाटकातली सोंगे आणणे यांतच रमे. वडिलांना मुंबईच्या विल्सन कॉलेजात संस्कृत शिकविण्याचे काम मिळाले आणि कुटुंब मुंबईस आले. मुलाचा ओढा पाहून त्याला १८८५ साली सर जे. जे. कलाशाळेत घातले. शास्त्र्यांच्या घरातला मुलगा चित्रकलेच्या शाळेत जातो, ही त्या काळी थोडी नवलाचीच गोष्ट होती. दाजीशास्त्र्यांनी ती होऊ दिली, याबद्दल त्यांचेही आपण आभार मानले पाहिजेत.

पुढे १८९० साली धुंडिराज बडोद्यास गेले. तेथे प्राध्यापक गज्जर यांनी नुकतेच कलाभवन सुरू केले होते. त्या कलाभवनात धुंडिराजांनी हाताला येईल ती विद्या आत्मसात केली. चित्रकला झाली, फोटोग्राफी झाली, साचे काढणे झाले, छपाईसाठी ठसे करणे झाले. एका प्रदर्शनात आदर्श नाट्यगृहाची प्रतिकृती करून ठेवली, तिला सुवर्णपदक मिळाले. एका जर्मन जादूगाराची गाठ पडली, तेव्हा त्याच्याकडून हातचलाखीचे प्रयोगही शिकून घेतले. पुढे ते ‘प्रोफेसर केल्फा’ या नावाने जादूचे खेळ करीत. आपलेच आडनाव उलटे करून त्यांनी हे नाव घेतले होते. वाचकांना यात गंमत वाटेल, परंतु पुढे पडद्यावर देव प्रकट करावयाचे आणि अदृश्य करावयाचे होते, त्याची तयारी या खेळांतच झाली असे म्हणावयास हरकत नाही.

गुजरातेत गोध्रा येथे त्यांनी फोटोग्राफीचा धंदा थाटला. तेव्हा कॅमेऱ्याविषयी लोकांच्या मनात धास्ती होती. छबी काढली की अंगातली शक्ती ओढली जाते, अशी समजूत होती. त्यामुळे धंदा कसाबसा चाले. अशातच १९०० साली प्लेगच्या साथीत त्यांची पहिली पत्नी आणि मूल दोन्ही गेली. तिशीच्या उंबरठ्यावर मांडलेला संसार असा मोडला. दुसरा एखादा खचून गेला असता. धुंडिराजांनाही तो घाव लहान नव्हता. गोध्रा सोडून ते पुन्हा बडोद्यास आले.

१९०२ साली त्यांचा दुसरा विवाह झाला. वधू गिरिजा करंदीकर, किर्लोस्कर नाटक मंडळीच्या चालकांच्या नात्यातली. सासरचे नाव सरस्वती ठेवण्यात आले. वयाने बऱ्याच लहान, शिक्षण बेताचे, परंतु अंगी धीर मोठा. या बाईंच्या वाट्याला पुढे काय काय येणार होते, याची कल्पना लग्नाच्या अक्षता टाकणाऱ्यांपैकी कोणालाही नसेल.

प्रथम सारे सरळ चालले. १९०३ मध्ये धुंडिराजांना सरकारच्या पुराणवस्तू संशोधन खात्यात छायाचित्रकार व आराखडे काढणारा म्हणून नोकरी लागली. सरकारी नोकरी म्हणजे घरात दिवाळीच. परंतु बंगालच्या फाळणीनंतर स्वदेशीचे वारे वाहू लागले आणि या गृहस्थांनी ती नोकरी सोडून दिली. त्यांनी लोणावळ्यास छपाईचा व ठसे करण्याचा कारखाना काढला. राजा रविवर्म्यांच्या देवादिकांच्या चित्रांच्या छपाईचे कामही त्यांनी केले. पुढे कारखाना दादरला आला आणि लक्ष्मी आर्ट प्रिंटिंग वर्क्स या नावाने नावारूपास चढला. रंगीत छपाईची नवी यंत्रे पाहण्यासाठी ते १९०९ साली जर्मनीस जाऊन आले. सारे काही भरभराटीचे होते. पण भागीदारांशी पटले नाही आणि स्वभाव मानी. त्यांनी आपल्या हाताने वाढविलेला कारखाना सोडला. पदरात मुले, वय चाळिशीचे, आणि हाती धंदा नाही. घरच्या बाईने अशा वेळी चार शब्द सुनावले असते तर तिला कोण दोष देणार?

याच दिवसांत, १९११ च्या सुमारास, ते मुलाला घेऊन गिरगावात हलती चित्रे पाहावयास गेले. घरी येऊन मुलाने पडद्यावर प्राणी पाहिल्याचे सांगितले, तेव्हा कोणाचा विश्वास बसेना. मग दादासाहेब सरस्वतीबाईंनाही घेऊन गेले. त्या दिवशी पडद्यावर ख्रिस्ताचे चरित्र दाखवीत होते. चित्रे सरकत होती आणि दादासाहेबांच्या डोळ्यांपुढे ख्रिस्ताच्या जागी राम आणि कृष्ण, गोकुळ आणि अयोध्या दिसू लागली. आपले देव, आपली माणसे अशी पडद्यावर कधी येतील, हा एकच विचार त्यांच्या मनात घोळू लागला. तो त्यांनी प्रथम बोलून दाखविला तो पत्नीजवळ. खेळ संपल्यावर दोघांनी चित्रे दाखविण्याचे यंत्रही जवळून पाहिले असे सांगतात.

झाले, त्या दिवसापासून त्यांना दुसरे काही सुचेना. त्यांनी मिळतील ती पुस्तके व यादीपत्रके आणली. बाजारातून फिल्मचे तुकडे आणले आणि भिंग व मेणबत्ती यांच्या साहाय्याने घरच्या भिंतीवर चित्रे पाडली. मुंबईत येणारा प्रत्येक चित्रपट ते पाहू लागले. झोप नाही, विश्रांती नाही. शेवटी डोळ्यांवर विलक्षण ताण पडून दृष्टी गेल्यासारखीच झाली. औषधोपचाराने ती परत आली, हे आपल्या सर्वांचे भाग्य. तोवर घरातली एकेक वस्तू विकली जात होती. शेजारीपाजारी हसत होते, काहींनी त्यांना वेड्यात काढले होते. सरस्वतीबाईंनी मात्र पतीची साथ सोडली नाही.

हे शास्त्र शिकावयाचे तर विलायतेस जाणे भाग होते. पैसा कोठून आणावयाचा? घरी पाहावयास आलेल्या मंडळींची खात्री पटावी म्हणून पुढे त्यांनी एक युक्ती केली, ती मोठी मनोहर आहे आणि तिच्याविषयी पुढे सांगेन. तूर्त त्यांनी आपल्या आयुष्याच्या विम्याच्या पॉलिसी गहाण टाकून सुमारे १०,००० रुपये कर्ज काढले. विमा म्हणजे आपल्यामागे बायकामुलांची सोय. तीच गहाण पडली. १ फेब्रुवारी १९१२ रोजी दादासाहेब लंडनला जाण्यासाठी बोटीवर चढले, तेव्हा घरच्या माणसांनी कोणता धोका पत्करला होता हे यावरून कळेल.

लंडनमध्ये ना ओळख, ना देख. रस्त्यात ‘बायोस्कोप’ नावाच्या साप्ताहिकाच्या कचेरीची पाटी दिसली. आपण मुंबईत ज्याचे वर्गणीदार आहोत तेच हे पत्र, म्हणून ते सरळ आत शिरले. संपादकांनी प्रथम त्यांना या भानगडीत न पडण्याचाच सल्ला दिला, परंतु त्यांची तळमळ पाहून त्यांना हेपवर्थ या नामांकित चित्रपट निर्मात्याकडे नेले. तेथे थोडेच दिवस राहून दादासाहेबांनी चित्रे घेण्यापासून फिल्म धुण्यापर्यंत सारा व्यवहार पाहून घेतला. पन्नास पौंडांना विल्यमसन कंपनीचा कॅमेरा घेतला, फिल्मला भोके पाडण्याचे यंत्र घेतले, कोरी फिल्म मागविली आणि १ एप्रिल १९१२ ला ते परत मुंबईस आले. दोन महिन्यांत एवढे सारे उरकणारा माणूस पैशाची आणि वेळेची किंमत ओळखून होता, हे निराळे सांगावयास नको.

आता ती युक्ती. चित्रपट काढावयास भांडवल हवे, आणि भांडवल देणाऱ्यांना हातात काही दिसले पाहिजे. दादासाहेबांनी कुंडीत वाटाण्याचा दाणा पेरला आणि त्यासमोर कॅमेरा लावून महिनाभर रोज थोडी थोडी चित्रे घेतली. ती पडद्यावर एकापाठोपाठ एक सरकली, तेव्हा दाण्याला कोंब फुटून त्याचा वेल होताना काही क्षणांतच दिसला. ‘अंकुराची वाढ’ म्हणून हे चित्र प्रसिद्ध आहे. ते पाहून भांडवलदारांपैकी काहींचा विश्वास बसला. तरीही पैसा पुरेना, तेव्हा सरस्वतीबाईंनी आपले दागिने काढून दिले. स्त्रीधन म्हणजे काय आणि ते अंगावरून उतरवून देणे म्हणजे काय, हे आपणा बायकांना समजावून सांगण्याची जरुरी नाही.

कथा ठरली राजा हरिश्चंद्राची. दादरच्या मथुरा भवनात, ज्या रस्त्याला पुढे दादासाहेब फाळके यांचेच नाव मिळाले त्या रस्त्यावर, कामाला आरंभ झाला. हरिश्चंद्र म्हणून दत्तात्रय दामोदर दाबके मिळाले. परंतु तारामती कोठून आणावयाची? त्या वेळी नाटकातही स्त्रीभूमिका पुरुषच करीत, मग या नव्या, संशयास्पद धंद्यात कोणती कुलीन स्त्री येणार? जाहिराती दिल्या, वारांगनांच्या वस्तीतही विचारून पाहिले, तेथूनही नकार आला. दादासाहेबांनी सरस्वतीबाईंनाच तारामती होण्यास सांगितले होते, पण त्यांनी नाही म्हटले, असेही सांगतात. त्या पडद्यावर गेल्या असत्या तर बाकीचा सारा गाडा कोणी ओढला असता? अखेर ग्रँट रोडवरच्या एका उपाहारगृहात काम करणारे अण्णा साळुंके हाती लागले. दहा रुपये पगार होता, तो पंधरा देऊ केला आणि त्या नाजूक हातांच्या तरुणाने भारतीय चित्रपटाची पहिली नायिका साकारली. रोहिदास झाला घरचाच मुलगा भालचंद्र.

सरस्वतीबाई काय करीत होत्या? साठ-सत्तर माणसांचा रोजचा स्वयंपाक, त्यांच्या झोपण्याची, धुण्याभांड्यांची व्यवस्था हे सारे त्यांच्याकडे होते. त्या काळी अंधाराशिवाय कोऱ्या फिल्मला हात लावता येत नसे. तेव्हा दिवसाचे काम आटोपल्यावर त्या फिल्मला यंत्राने भोके पाडीत. धुण्याची रसायने कोणती, किती प्रमाणात मिसळावयाची, हे त्या शिकल्या. दिवसा चित्रीकरण चाले तेव्हा उन्हात पांढरी चादर धरून त्या तासन् तास उभ्या राहत, म्हणजे उजेड परावर्तित होऊन नटांच्या चेहऱ्यांवर पडे. कडेवर मूल आणि चुलीवर आधण असताना हे चाले. आज या कामांना निरनिराळी नावे आहेत आणि प्रत्येकासाठी निराळा माणूस असतो. तेव्हा ती सारी कामे एकच गृहिणी करी आणि त्याला संसार म्हणत.

सहा महिने सत्तावीस दिवसांत ३,७०० फुटांचा चित्रपट तयार झाला. २१ एप्रिल १९१३ रोजी ऑलिंपिया थिएटरात निमंत्रितांना तो दाखविला आणि ३ मे १९१३ रोजी गिरगावातल्या कॉरोनेशन चित्रपटगृहात ‘राजा हरिश्चंद्र’ लोकांपुढे आला. लोकांची झुंबड उडाली. या चित्रपटाचा जो भाग आज उपलब्ध आहे, त्यात आरंभी राजा आपल्या मुलाला धनुर्विद्या शिकवीत आहे आणि राणी जवळ उभी आहे, असे दृश्य आहे. हिंदुस्थानच्या पहिल्या कथाचित्रपटाचा आरंभ अशा घरगुती देखाव्याने व्हावा, हे मला फार अर्थपूर्ण वाटते. पडद्यावर मुलाला धनुष्य धरावयास शिकविणारा बाप राजा होता, आणि कॅमेऱ्यामागे त्याच मुलाचा खरा बाप उभा होता.

यशानंतर दादासाहेबांनी बिऱ्हाड आणि कारखाना नाशिकला नेला. ‘मोहिनी भस्मासुर’ या दुसऱ्या चित्रपटात त्यांना खऱ्याखुऱ्या स्त्रिया मिळाल्या. दुर्गाबाई कामत पार्वती झाल्या आणि त्यांची कन्या कमलाबाई मोहिनी झाली. कमलाबाई तेव्हा जेमतेम तेरा वर्षांच्या होत्या. पुढे कमलाबाई गोखले म्हणून त्यांनी रंगभूमी गाजविली. चंद्रकांत गोखले हे त्यांचे चिरंजीव आणि विक्रम गोखले हे नातू. दुर्गाबाईंनी त्या काळी लोकनिंदा सोसून टाकलेले पाऊल आपण भगिनींनी विसरू नये.

१९१४ साली दादासाहेब आपले चित्रपट घेऊन पुन्हा लंडनला गेले. तेथे त्यांची वाहवा झाली. तेथेच राहून काम करावे, अशीही मागणी आली. परंतु हा धंदा मला माझ्या देशात उभा करावयाचा आहे, या निश्चयाने ते परतले. त्याच वर्षी महायुद्ध पेटले. भांडवल देणाऱ्यांनी हात आखडता घेतला, नाशिकला माणसांचे पगार अडू लागले. पुन्हा एकदा घरच्या दागिन्यांचीच आठवण झाली. असे हेलकावे खात ते १९१७ साली ‘लंकादहन’पर्यंत पोहोचले. या चित्रपटात अण्णा साळुंके राम झाले आणि सीताही झाले. मुंबईत सकाळी सात वाजल्यापासून मध्यरात्र उलटेपर्यंत खेळ चालत. मद्रासेत उत्पन्नाची नाणी बैलगाडीत घालून न्यावी लागली, असे सांगतात. पडद्यावर राम दिसताच लोक हात जोडीत.

१९१८ साली भागीदारांच्या साहाय्याने हिंदुस्थान फिल्म कंपनी स्थापन झाली. ‘श्रीकृष्णजन्म’ आणि १९१९ मधला ‘कालियामर्दन’ या दोन्ही चित्रपटांत कृष्ण झाली ती दादासाहेबांची कन्या मंदाकिनी. ‘कालियामर्दन’च्या आरंभी ही लहानगी साध्या वेषात एकामागून एक भाव चेहऱ्यावर आणून दाखविते आणि मग पाहता पाहता तिचा बाळकृष्ण होतो. त्या काळी मुलींना शाळेत घालावे की नाही याचा घरोघर खल चाले. अशा वेळी या बापाने आपल्या लेकीला साऱ्या देशापुढे कृष्ण म्हणून उभे केले. त्या चित्रातल्या तिच्या हसण्यात भीतीचा लवलेशही नाही. कॅमेऱ्यामागे आपले वडील आहेत, हे तिला ठाऊक होते.

परंतु चरित्र लिहिताना केवळ गोडच सांगावे, हे बरे नव्हे. दादासाहेबांचा स्वभाव हट्टी होता. पैसा आला तसा त्यांनी पुढच्या चित्रपटात घातला, शिल्लक टाकणे त्यांना जमले नाही. भागीदारांशी पुन्हा खटके उडाले आणि कंपनी सोडून ते सहकुटुंब काशीस जाऊन राहिले. तेथे त्यांनी ‘रंगभूमी’ नावाचे नाटक लिहिले. मंडळींच्या आग्रहामुळे काही वर्षांनी ते परत आले, पण पूर्वीचा रंग भरला नाही. १९३१ साली बोलपट आला आणि मूकपटांचा जमाना संपला. कोल्हापूर सिनेटोनसाठी त्यांनी ‘गंगावतरण’ हा बोलपट काढला. तो १९३७ साली प्रदर्शित झाला तेव्हा त्यांचे वय सदुसष्ट वर्षांचे होते. तो त्यांचा अखेरचा चित्रपट.

उरलेली वर्षे त्यांनी नाशिकला काढली. ज्या धंद्यात त्यांच्यामागून आलेल्यांनी लक्षावधी रुपये मिळविले, त्या धंद्याच्या जनकाच्या घरी अखेरीस ओढगस्तच होती. १६ फेब्रुवारी १९४४ रोजी त्यांनी देह ठेवला. लहानमोठे मिळून शंभराच्या घरात चित्रपट काढणारा हा माणूस गेला, तेव्हा युद्धाच्या धामधुमीत त्याची फारशी दखलही घेतली गेली नाही. पुढे १९६९ साली भारत सरकारने त्यांच्या नावाने पुरस्कार सुरू केला आणि पहिला पुरस्कार देविका राणी यांना, म्हणजे एका स्त्रीलाच, मिळाला. १९७१ साली त्यांचे टपाल तिकीट निघाले. २००९ साली ‘हरिश्चंद्राची फॅक्टरी’ हा मराठी चित्रपट आला आणि दादासाहेबांबरोबर सरस्वतीबाईही नव्या पिढीला माहीत झाल्या. एवढे तरी झाले, याचे समाधान आहे.

आपल्या सुखासाठी दादासाहेबांनी कुटुंबाला हाल सोसावयास लावले, असे कोणी म्हणेल, आणि ते अगदीच खोटे नाही. विमा गहाण पडला, दागिने गेले, भांडीकुंडी गेली. परंतु त्यांनी घराला अंधारात ठेवून काही केले नाही. जे स्वप्न पाहिले ते पत्नीला शेजारी बसवून पाहिले, जी विद्या मिळविली ती तिलाही शिकविली आणि मुलांना आपल्या कामात हाताशी धरले. घरच्या माणसांनीही त्यांच्या वेडाला वेड म्हटले नाही. अशी माणसे एकमेकांना मिळणे, हे भाग्य पैशाने मोजता येत नाही.

पुढच्या वेळी आपण एखादा चित्रपट पाहावयास जाऊ, तेव्हा पडद्यावर नावे सरकू लागताच बहुतेक मंडळी उठून निघतात. आपण क्षणभर बसून राहावे. त्या लांबलचक यादीतली कितीतरी कामे एके काळी दादरच्या एका घरात, रात्रीची झाकपाक आटोपल्यावर, एक गृहिणी अंधारात बसून करीत होती. तिचे नाव त्या वेळी कोठेच लागले नाही. आपण तरी ते मनात आणावे.